आतून उष्टं

मनिलाहून सुट्टीला आलेल्या मिलाग्रोसच्या कुटुंबाचा बेटावरचा तो दुसरा दिवस. भर दुपारी ती नवरा नेस्तोर आणि सात वर्षांची लेक लुनिंग यांच्यासोबत इस्कोकाकांच्या टपरीशी थांबली. काकांनी झाडावरून नुकतंच उतरवलेलं शहाळं तिच्यासमोर छाटलं. पाणी गोड होतं. तिनं ते एका दमात संपवलं.

मग काकांनी शहाळ्याचे दोन तुकडे केले. आतल्या मलईचा एक लचका तोडलेला होता. कडेला इवल्या इवल्या दातांच्या खुणा होत्या, आणि त्यांच्यावर लाळेची तार लोंबत होती.

मिलाग्रोस झटकन मागं सरली. "काका, उष्टं विकता होय?"

"तुझ्यासमोरच फोडलं ना पोरी?" म्हणत काकांनी दुसरं उचललं.

नेस्तोरनं ते सगळीकडून फिरवून पाहिलं. साल कुठंही दुखावलेली नव्हती. फोडलं, तर आतला लचका पहिल्याहून मोठा होता, आणि लाळ अजून ऊन होती.

"कीड असेल गं," तो पुटपुटला. पण बोटं मात्र चड्डीला पुसत राहिला.

मिलाग्रोस टपरीमागं जाऊन भडाभडा ओकली. मघाचं गोड पाणी कोमट, बुळबुळीत होऊन बाहेर आलं. तोंड पुसून ती परतली आणि लुनिंगचा हात धरून म्हणाली, "चल बाळा, खोलीवर जाऊन जेवू."

"मला भूकच नाहीये, आई."

बोलताना लुनिंगच्या दातांत पांढरी मऊ मलई दिसली. तिच्या वाटचं शहाळं काकांनी अजून फोडलंही नव्हतं.