पाहुणा भुंकतो तेव्हा

मध्यरात्री वरच्या मजल्यावरच्या काकांनी तिसऱ्यांदा काठी आपटली तेव्हा ती उठली. कुत्रा व्हरांड्यात, बाहेरच्या दाराकडे तोंड करून भुंकत होता. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. तो थरथरत होता. दाराबाहेर कुणीच नव्हतं. तिने कडी काढून बघितलं, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग त्याच्या शेजारी फरशीवर बसून राहिली, तो गप्प होईपर्यंत.

चार महिने रोज रात्री हे असंच चाललं होतं. तिचा नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. एका संध्याकाळी तो हा कुत्रा घेऊन आला. हायवेला सापडला, एवढंच म्हणाला. लहानपणापासून कुत्र्यांना घाबरणारा हा माणूस कुत्रा कसा घेऊन आला, याचं तिला नवल वाटलं होतं. तिने नाव विचारलं तर म्हणाला, "त्याचं काहीतरी असेलच की." म्हणून ती त्याला पाहुणा म्हणायला लागली. नवरा त्याला कुठल्याच नावाने हाक मारायचा नाही. रोज स्वतः जेवायच्या आधी त्याचं ताट भरायचा, त्याच्यापुढे ठेवायचा आणि पाठ करून बसायचा. त्याच्या अंगावरून कधी हात फिरवल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिने सगळं करून बघितलं. संध्याकाळी लांबवर फिरवून आणलं. जेवण लवकर दिलं. त्याचं पोतं दारापासून आत सरकवलं, खिडकीला जाड पडदा लावला. काही उपयोग झाला नाही. ती लाँड्रीत इस्त्री करायची. झोपेची पार वाट लागली होती. गेल्या आठवड्यात उभ्या उभ्या डोळा लागला आणि कुणाच्या तरी शर्टाची बाही जळाली. मालकाने अगदी तुमच्यासारख्या कपाळाला आठ्या घालून बघितलं, असं तिने घरी नवऱ्याला हसून सांगितलं. नवरा हसला नाही.

जनावरांच्या डॉक्टरने कुत्र्याचे कान, दात, पोट तपासलं. कुत्रा ठणठणीत होता. नखं वेळच्या वेळी कापलेली दिसतात, कुणीतरी जिवापाड सांभाळलेला आहे, असं तो म्हणाला. कुत्रा उगाच उठत नाही. भुंकण्याच्या आधी काय होतं, ते एकदा जागून बघा, असंही त्याने सांगितलं.

त्याच दिवशी वरचे पेन्शनर काका जिना उतरून खाली आले. भले गृहस्थ होते, पण वय झालं होतं, झोपमोड सोसत नव्हती. रविवारपर्यंत कुत्र्याची काहीतरी सोय लावा, नाहीतर मला घरमालकांच्या कानावर घालावं लागेल, असं त्यांनी दारातूनच सांगितलं. नवरा आतल्या खोलीत होता. ते गेल्यावर तो बाहेर आला आणि म्हणाला, आपण घर बदलू, पण कुत्रा कुठे जाणार नाही.

शनिवारी रात्री ती झोपलीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून अंधारात बसली. तिथून व्हरांडाही दिसत होता आणि खोलीतला पलंगही. कुत्रा पोत्यावर अंगाचं मुटकुळं करून गाढ झोपला होता. घड्याळात एक वाजला, दोन वाजले. नळाचा थेंबही पडत नव्हता. तिचीच मान आता कलायला लागली.

मग पलंग करकरला. नवरा पाठीवर झोपला होता. त्याचे दोन्ही हात छातीसमोर वर आले आणि काहीतरी घट्ट धरल्यासारखे थांबले. उजवा पाय गादीत जोरात दाबला गेला. एकदा, दोनदा. आणि तो बोलला. आवाज मोठा नव्हता. विनवणीचा होता.

"आजोबा, बाजूला व्हा. बाजूला व्हा, आजोबा."

कुत्र्याचे कान उभे राहिले. तो ताडकन उठला, दाराशी गेला आणि भुंकायला लागला.

तिने नवऱ्याला हलवून उठवलं. तो घामाने चिंब झाला होता. नेहमीसारखंच त्याने विचारलं, "परत भुंकला का?"

"तो नंतर भुंकला," ती म्हणाली. "आधी तुम्ही बोललात. कोण आजोबा?"

वरून काठी आपटली. तो उठला, तोंडावर पाणी मारलं, शर्ट घातला. कपाटातून लायसन्स काढून खिशात ठेवलं. मग व्हरांड्यात जाऊन कुत्र्यापुढे उकिडवा बसला आणि पहिल्यांदाच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कुत्रा गप्प झाला.

"एवढ्या रात्री कुठे निघालात?"

"पोलीस चौकीत."

तिला वाटलं, काकांनी चौकीतच तक्रार केली असणार. ती म्हणाली, "अहो, कुत्रा भुंकतो म्हणून कुणी आपणहून चौकीत जातं का?"

तो उठला नाही. कुत्र्याच्या मानेतले केस मुठीत धरून, तिच्याकडे न बघता, तो सावकाश बोलला.

"त्या रात्री धुकं होतं. मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी रिकामा टँकर घेऊन त्याच रस्त्याने परत आलो, तेव्हा म्हाताऱ्याला उचलून नेलं होतं. हा तिथेच बसला होता."