हात न लावता

"तुमच्या पायाला हात लावू का?" फिजिओथेरपिस्टने विचारलं.

"नको," खुर्चीतली म्हातारी म्हणाली.

झालं! वर्षभराची तयारी पाण्यात. घरी सरावासाठी नवरा रुग्ण व्हायचा आणि दर वेळी पाय पसरून म्हणायचा, "लावा की! लग्न करताना कुठे विचारलं होतंत?" नको म्हणणारा रुग्ण दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

परक्या देशात हे काम करायचं तर आधी नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी ही परीक्षा. मागच्या खेपेला ती नापास झाली होती. "चला आजी, उठा बघू," म्हणत तिने रुग्णाच्या काखेत हात घालून त्यांना अलगद उभं केलं होतं. मायदेशी त्या हातांचं नाव होतं, लांबून लोक यायचे. इथे परीक्षकांनी एवढंच म्हटलं होतं, "त्यांना विचारलंत?" आता ही शेवटची संधी. हुकली, तर वॉर्डात चादरी बदलत राहणं आलंच.

परीक्षक बाई कोपऱ्यात पेन सरसावून बसल्या होत्या. चार गोड शब्द बोलून म्हातारीला पटवता आलं असतं. पण म्हातारीने ऑपरेशन झालेल्या मांडीवर दोन्ही तळवे गच्च दाबून धरले होते. पडल्यापासून हिला किती जणींनी उचललं, वळवलं, पुसलं असेल! चादरी बदलताना तीही तेच करायची, न विचारता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बरं. नाही लावत." तिने दुसरी खुर्ची ओढली आणि समोर बसली. "मी कशी उठते ते बघा. वाटलं तर करा."

ती खुर्चीच्या कडेला सरकली, पाय मागे घेतले आणि उठली. मग पुन्हा बसून उठली. म्हातारी नुसती बघत होती. तिसऱ्या वेळी तीही कडेला सरकली.

"आता वाका. नाक पुढे न्या."

"ते जमेल. लोकांच्यात नाक खुपसण्यातच हयात गेली माझी."

म्हातारी अर्धी उठली, थरथरली आणि धपकन बसली. फिजिओथेरपिस्टचे हात पुढे धावले. तिने ते हवेतच आवरले. तोल गेलाच तर धरता येईल इतक्या अंतरावर ती उभी राहिली.

"घाई नाही," ती म्हणाली.

म्हातारीने दात आवळले आणि पुन्हा जोर केला. या वेळी ती उठली, आणि समोरचा वॉकर तिने घट्ट पकडला.

घंटा वाजली.

"तुम्ही रुग्णाला एकदाही हात लावला नाहीत," परीक्षक बाई कागदात मान घालून म्हणाल्या.

"नाही." म्हातारीवरची नजर न काढता तिने उत्तर दिलं.

"पायातली ताकद तपासली नाहीत."

"त्या नको म्हणाल्या."

"मग त्या रकान्यात मी काय लिहू?"



"तुमचं दोघींचं झालं असेल," म्हातारी म्हणाली, "तर मी बसू का आता?"

परीक्षक बाईंनी मान वर केली. म्हातारीने वॉकर कधीच सोडला होता. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती उभी होती.