आठ दिवस, सात रात्री

चित्रातल्या जहाजाला खिडक्यांच्या अकरा ओळी होत्या. सर्वांत खालची ओळ पाण्यापासून जेमतेम बोटभर वर होती; तिच्या खाली नुसता पांढरा पत्रा. रुचिताने ओळी दोनदा मोजल्या. तिच्या भावाची, अतुलची, खोली त्या पत्र्यामागे होती. इथं दिवस आहे की रात्र हे घड्याळ पाहूनच कळतं, असं तो फोनवर सांगायचा.

जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये टेबलावर जहाजाचं ते रंगीत पुस्तक, कंपनीचं पत्र आणि एक फॉर्म पडला होता. अतुल त्या जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला होता. दोन वर्षांपूर्वी तो समुद्रात पडला आणि सापडला नाही. आता कंपनीने त्याच्या आईवडिलांना त्याच जहाजाची सफर देऊ केली होती. आठ दिवस, सात रात्री. विमानाचं तिकीटही कंपनीचंच.

"तसं चांगलंच आहे," हिरालाल बायकोला म्हणाला. "पायी चालाचं काम नाही. सामान एकदा ठेवलं का ठेवलं. जेवण दिवसभर सुरूच राहते. डॉक्टर जहाजावरच. तुह्या गुडघ्यायले त बरंच."

"अन् पोटात ढवळलं त?" मंगलाबाई खाली बसून पालक निवडत होती. "नागपूरले एसटीनं जातो त लिंबू हुंगत जातो मी."

"त्याची गोळी राहते."

"कंटाळा आला त मधात उतरता येते का? का हात दाखवला अन् उतरलो, भंडाऱ्याच्या बसवानी?"

हिरालाल किंचित हसला. तीही हसली असती, पण तिचं लक्ष दाराकडे गेलं.

"अन् घरी कोण राहील?"

दोन वर्षांत ती एक रात्रही क्वार्टरबाहेर झोपली नव्हती. बपेऱ्याला भाच्याचं लग्न होतं, तिथूनही संध्याकाळच्या गाडीने परत आली. अतुल बपेऱ्याच्या नदीत पोहायला शिकला होता. दहा वर्षांचा असताना एका दमात पलीकडच्या काठाला लागला होता. पोहता येणारा माणूस कुठं ना कुठं लागतोच, असं तिचं म्हणणं. कोणत्या तरी मासेमाराच्या नावेला, कोणत्या तरी बेटाला. नातेवाइकांनी पुण्यानुमोदनाचा, गेलेल्या माणसासाठी करायच्या विधीचा, विषय काढून पाहिला. विहारातल्या भन्तेजींनीही एकदा हळूच विचारलं. दरवेळी ती म्हणाली, पाहू.

फॉर्मवर सहीच्या जागेवर लिहिलं होतं: मृत कर्मचाऱ्याचे वारस. फॉर्म वाचून दाखवताना रुचिताने ते शब्द गाळले होते.

"आपण मौज कराले नाही जाऊन राहिलो," हिरालाल खालच्या आवाजात म्हणाला. "सहाव्या दिवशी जहाज त्या जागेवरून जाते. मी विचारून घेतलं. पाण्यात फुलं सोडू. एवढंच."

"तिथं थांबन का ते?"

"थांबत नाही. जाता जाताच सोडायची."

"काहून? अतुलसाठी त लगेच थांबलं होतं. तुम्हीच सांगितलं मले. मंग आपल्यासाठी घडीभर थांबाले काय होते त्याले?"

हिरालालने पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मंगलाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. रुचिता भंडाऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. घरात मोजमापाचा प्रश्न निघाला की तो तिच्यापर्यंत यायचा.

"तू सांग वं. लगेच थांबलं होतं ना?"

रुचिताने बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलणं झालं नसतं.

"नाही, आई. तो पडला तेव्हा दोन चाळीस झाले होते. कॅमेऱ्यात आलं आहे ते. पण त्या वेळी कॅमेरा कोणी पाहत नव्हतं. पहाटे कामावर आला नाही म्हणून शोधलं, तेव्हा सहाला दहा कमी होते."

"म्हणजे किती वेळ?"

"तीन तास दहा मिनिटं."

"अन् तोवर जहाज?"

"चालत होतं. तासाला चाळीस किलोमीटर."

रुचिताने हा गुणाकार कंपनीचा चौकशी अहवाल आला त्याच दिवशी केला होता, त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर, आणि नंतर तो कागद फाडून टाकला होता.

"सव्वाशे किलोमीटर. थोडं जास्तच."

"नागपूरले जाऊन वापस," मंगलाबाई म्हणाली.

"हो."

"अन् जमीन?"

"सगळ्यात जवळची तीनशे किलोमीटरवर."

मंगलाबाईच्या हातात पालकाची एक काडी होती. तिने ती निवडलेल्यांत ठेवली नाही आणि टाकलीही नाही.

"तुले पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मीच नको म्हटलं होतं तिले," हिरालाल म्हणाला. "तू जेवत नव्हती तेव्हा. मले वाटलं, थोडे दिवस."

बाहेर फॅक्टरीची बस वळणावर थांबली. माणसं उतरली, कोणाचं तरी फाटक वाजलं. रोज या वेळी मंगलाबाई उठून खिडकीशी जायची आणि रस्ता रिकामा होईपर्यंत उभी राहायची. आज ती जागची हलली नाही. बस गेली.

तिने परात बाजूला सरकवली आणि पदराला हात पुसले, सावकाश, एकेक बोट.

"जहाजावर मी येत नाही," ती म्हणाली. "तुमाले जायचं असन त जा. माही ना नाही."

हिरालालने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"अन् भन्तेजीले आजच फोन लावा. येत्या रविवारी अतुलचं पुण्यानुमोदन करून टाकू."