मुका मार

थोरलीने मांडीवरची पट्टी सोडली आणि धाकटी पाहतच राहिली. गुडघ्याच्या वर वीतभर काळंनिळं. मांडी फुगून दगडासारखी घट्ट झालेली.

"सरावात गुडघा लागला कुणाचा तरी. मुका मार आहे," थोरली म्हणाली. "कोणाला बोलू नकोस. उद्या फायनल आहे."

संघाची गोलकीपर थोरली. राखीव गोलकीपर धाकटी. चार वर्षं ती बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. ग्लोव्हज ताईचे जुने, बूट ताईचे जुने. मैदानावर नावाने हाक मारायचं कोणाच्या मनातही येत नसे. ती 'कीपरची बहीण'. ताईने गोल अडवला की सगळे नाचायचे आणि हिच्या पोटात दुखायचं. एकदा ताईच्या हातून चेंडू निसटावा म्हणून तिने चक्क देवाला साकडं घातलं होतं.

ती तडक कोचकडे गेली.

"सर, ताईला धड चालताही येत नाहीये. लपवतेय ती."

बोलताना तिने आवाजात काळजी आणली. ती छान जमली.

तासाभरात थोरली दवाखान्याच्या खाटेवर होती.

"नुसता मुका मार नाही हा," डॉक्टरबाई बाबांना म्हणाल्या. "हिमॅटोमा आहे. आत शीर फुटलीय. रक्ताला बाहेर यायला वाट नाही, म्हणून ते स्नायूतच साचत चाललंय. आजच काढावं लागेल. उद्या तिथेच एक लाथ बसली असती, तर पायाचं काही खरं नव्हतं."

आईने धाकटीला कुशीत ओढलं. "बहीण असावी तर अशी!" कोच म्हणाले. ज्या कौतुकासाठी ती चार वर्षं झुरली, ते आयतं पदरात पडलं आणि तिने आईच्या कुशीतून अंग सोडवून घेतलं.

सगळे बाहेर गेल्यावर ती ताईजवळ बसली.

"ताई, मी तुझ्यासाठी नाही सांगितलं. मला तुझी जागा हवी होती."

"माहितीये." थोरली छताकडे बघत होती. "कालपासून भीती वाटत होती गं. पण 'मी खेळत नाही' हे तोंडातून निघेना. आईने नुसता लेप लावला असता. मैत्रिणींनी शपथ पाळली असती. जाऊन चुगली करशील, याची खात्री फक्त तुझीच होती."