वाडीची अब्रू

फुलंब्रीजवळच्या त्या वाडीत कॉलऱ्याचे नऊ रोगी, आणि विहिरीचं पाणी मात्र तपासणीत तिसऱ्यांदा स्वच्छ! पाणी तपासणारे शफीसाहेब वैतागून औरंगाबादेहून स्वतःच वाडीवर आले. तपासणीची बाटली भरून पाठवायचं काम सरूबाईकडे होतं.

"बाई, बाटली कुठं भरता?"

"लई लांबून आणते, साहेब. माळापलीकडच्या मळ्यातून. काचेवानी पाणी हाय."

"या अल्ला! अहो, मला तुमच्या वाडीच्या विहिरीचं पाणी हवं होतं!"

"ते तर वास मारतंय. असलं पाणी सरकारात पाठवून वाडीची अब्रू घालवू व्हय?"

शफीसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "वास मारतं, तरी पिता?"

"पहिला माणूस आजारी पडला तवाच बंद केलं होतं. सगळी वाडी मळ्यातून पाणी वाहत होती." आता सरूबाईचाही आवाज चढला. "मग तुमचाच कागद आला, वाडीची विहीर चांगली हाय म्हणून. मी घसा फोडून सांगितलं, पिऊ नका. पण सरकारच्या शिक्क्यापुढं माझं कोण ऐकतंय?"