दहापैकी किती

वॉशिंग मशीनने टीं-टीं करून कपडे झाल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, घरात मघापासून दुसरा आवाजच नव्हता. समोर संगणकाच्या पडद्यावर गोदाम होतं, आणि गोदामातलं एक खोकं सकाळपासून जागचं हललं नव्हतं.

तिथल्या सामान वाहणाऱ्या गाड्या आपल्या आपण चालायच्या. वर मुकादम कोणी नाही. काम आलं की ते आपल्याला किती जड जाईल, याचा आकडा प्रत्येक गाडीने सांगायचा, दहापैकी. जिचा कमी, तिने उचलायचं. नियम तिनेच लिहिलेला. आज सगळ्याच गाड्या दहा म्हणून बसल्या होत्या, आणि उद्या गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

फोन वाजला. नवरा.

"अगं, पाळणाघर बंद व्हायला आलं. बोल, तुझा आकडा किती?"

हा खेळ गाड्यांवरूनच घरात शिरला होता. भांडणापेक्षा बरा, म्हणून दोघांनी हसत सुरू केलेला. आंघोळ कोणी घालायची, गोष्ट कोणी सांगायची, सगळं लेकीसमोरच असं ठरायचं. आता हसत कोणी नव्हतं.

"नऊ. डोळे मिटतायत रे माझे."

"माझा साडेनऊ. दिवसभर लोकांच्या जबड्यात वाकून कंबर गेलीय. अजून दोघं बाहेर बसलेत गाल धरून."

"कालही साडेनऊच होता तुझा!"

"मग तू दहा सांगायचं होतंस. हरलीस, जा आता."

ओले कपडे तसेच मशीनमध्ये ठेवून ती निघाली.

पाळणाघरात मावशी छोट्या खुर्च्या एकावर एक रचत होत्या. एकच खाली उरली होती. तिच्यावर लेक, पाठीला दप्तर लावून.

"शेवटी हीच राहते बघा," मावशी म्हणाल्या. रागाने नव्हे. त्याही दमल्या होत्या.

तिने लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले, दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं. दोघी रस्त्याला लागल्या. छोटा हात तिच्या हातात होता, आणि डोक्यात अजून त्या गाड्याच फिरत होत्या.

"आई, आज बाबा जिंकला?"

"हो गं राणी. बाबा जिंकला."

लेक थांबली. तिने मान वर केली.

"मग जो जिंकतो, त्याला मी का नाही मिळत?"