लांबलचक नाव

कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या त्र्यंबकरावांनी बायकोची भूपाळी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली. मग फाइलचं नाव टाइप केलं, ‘सौ. मंदाकिनी त्र्यंबक दामले हिने अधिक महिन्यातील एकादशीस, सर्दी असतानाही, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय म्हटलेली भूपाळी’ आणि पुढे आणखी दोन ओळी.

फाइल सेव्ह होईना.

“बाबा, नाव फार लांब झालंय. कॉम्प्युटर इतकं घेत नाही,” सून म्हणाली.

“चला, ह्यांना थांबवणारं कुणीतरी भेटलं,” खुर्चीतून बायको म्हणाली.

त्र्यंबकराव जड मनाने खोडत गेले. आधी पुढच्या ओळी गेल्या, मग दडपण, मग सर्दी. शेवटी वैतागून त्यांनी एकच शब्द ठेवला. फाइल सेव्ह झाली.

बायकोने चष्मा लावून पडद्यावरचं वाचलं, ‘मंदाकिनी’. अडतीस वर्षं ते तिला नुसतं ‘अगं’ म्हणत आले होते.

“म्हणजे नाव ठाऊक होतं तर,” ती म्हणाली.

त्र्यंबकरावांचे कान लाल झाले. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी हळूच विचारलं, “मंदाकिनी, अजून एखादी म्हणतेस?”

सून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली.